गोळी तीच, मुलूख निराळा

आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्यांचे हल्ली ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. नोकरीसाठी आखाताकडे जाणारे, पुढील शिक्षणासाठी जाणारे आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणारे. पहिल्या दोन वर्गांची काळजी वाहायला एजंट, विद्यापीठे, सल्लागार अशी पुष्कळ मंडळी आहेत. तिसऱ्या वर्गाची काळजी फारशी कोणी करीत नाही; आणि औषधांचे सर्वांत मोठे गाठोडे असते ते नेमके याच वर्गाजवळ. वय साठीच्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, गुडघे यांपैकी निदान दोन गोष्टी सोबतीला, आणि मुक्काम सहा महिन्यांचा. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, मेतकूट यांची यादी महिनाभर आधी होते. औषधांची आठवण मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येते.

आमच्या घरचे औषधांचे दुकान असल्यामुळे ही संध्याकाळ मी काउंटरच्या आतल्या बाजूने बऱ्याच वेळा पाहिली आहे. ठरलेले वाक्य असे : 'सहा महिन्यांच्या गोळ्या द्या, आणि खोकी काढून टाका, उगीच वजन होते.' घरी गेल्यावर पुढची पायरी येते. पट्ट्यांतून गोळ्या सोडवून त्या स्टीलच्या डबीत भरल्या जातात. सकाळ, दुपार, रात्र असे खण असलेली प्लॅस्टिकची डबी कोणी भेट दिलेली असली, तर सगळी व्यवस्था अगदी चोख झाली असे वाटते. घरी वापरायला ती डबी खरोखरच चांगली आहे. प्रवासाला मात्र ती घातक आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भाषाशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की शब्द आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो. 'झाड' या ध्वनीत झाडपणा काहीच नसतो, समाजाने मान्य केले म्हणून तो शब्द त्या वस्तूला चिकटला. औषधाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. पांढरी, वाटोळी, मधोमध रेघ असलेली गोळी रक्तदाबाची असू शकते, झोपेची असू शकते, किंवा अफूपासून काढलेल्या वेदनाशामकाचीही असू शकते. गोळी स्वतः काहीच बोलत नाही. बोलते ते खोके, पट्टी, दुकानाचे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्या दृष्टीने औषध म्हणजे आतला गर आणि बाकी सारे टरफल. विमानतळावरच्या कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे हे नेमके उलटे होते. गर त्याला ओळखता येत नाही. तो टरफल वाचतो. टरफलच नसेल, तर त्याच्यापुढे उरतात त्या दोनशे अज्ञात गोळ्या आणि त्यांची हमी देणारे, इंग्रजी बेताचेच येणारे एक वयस्कर माणूस.

म्हणून पहिली गोष्ट, खोकी टाकू नयेत. आतली माहितीपत्रकेही राहू द्यावीत. दुकानदाराकडून पट्ट्या अखंड घ्याव्यात. आपल्याकडे कात्रीने चार गोळ्या कापून देण्याची चाल आहे, आणि गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती सोयीचीही आहे. पण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला ठशाने उमटवलेली असते. ते टोक कापून दुसऱ्याला गेले की आपल्या हाती उरलेल्या तुकड्याला ना जन्मतारीख ना मृत्यूची तारीख! बिलही मागून घ्यावे. त्यावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषधाचे नाव, बॅच आणि संख्या असते, आणि परमुलखात त्या कागदाला बरेच वजन असते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. आपल्या डॉक्टरांचे अक्षर हा विनोदाचा विषय होऊन गुळगुळीत झाला आहे. गावातल्या दुकानदाराला ते सवयीने लागते, लंडनच्या विमानतळावर कोणाला लागणार? औषधाचे मूळ नाव, शक्यतो मोठ्या सुट्या अक्षरांत आणि वाचता येईल असे लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत केली होती. प्रत्यक्षात चिठ्ठीवर अजून बहुधा कंपनीचे नावच दिसते. तेव्हा नेहमीच्या चिठ्ठीवर न थांबता डॉक्टरांकडून त्यांच्या छापील कागदावर इंग्रजीत एक वेगळे पत्र मागून घ्यावे. त्यात आजार कोणता, औषधाचे मूळ रासायनिक नाव काय, गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, आणि एकूण किती दिवसांसाठी किती गोळ्या बरोबर आहेत, एवढे टंकलिखित असावे. खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक. डॉक्टर मंडळी हे पत्र द्यायला नाही म्हणत नाहीत. त्यांना ते आदल्या रात्री नऊ वाजता मागितले जाते, एवढीच त्यांची तक्रार असते.

या पत्रावरचे नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. ही अट वाचताना किरकोळ वाटते, पण आपल्याकडे ती पाळणे सोपे नाही. लग्नात नाव बदलण्याची आपली जुनी चाल. माहेरची कुसुम सासरी सुनंदा होते; शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि दवाखान्याच्या कागदावर नुसतेच 'कुलकर्णी आजी'. डॉक्टर आजींना तीस वर्षे ओळखतात, त्यामुळे त्यांना त्यात काही खटकत नाही. पण परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने औषध एका बाईचे आणि ते घेऊन जाणारी बाई दुसरीच!

आता औषधांच्या नावांकडे वळू. एकाच औषधाला निदान दोन नावे असतात. एक मूळ नाव आणि एक कंपनीने बाजारासाठी ठेवलेले. जगभर मूळ नाव एकच असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या सुमारास एक पद्धत सुरू केली आणि ती पुष्कळ अंशी यशस्वी झाली आहे. पण अमेरिकेने काही बाबतींत आपला हेका सोडला नाही. आपले पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटामिनोफेन. दम्याच्या पंपातले आपले सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड तिकडे ग्लायब्युराइड, आणि क्षयाचे रिफाम्पिसिन तिकडे रिफाम्पिन. यात नुसती गंमत नाही. आजींनी येताना क्रोसिन आणलेली असते, आणि ताप उतरेना म्हणून सून घरातली टायलेनॉल देते. दोन्ही गोळ्या एकच. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे हे औषध जाऊ देऊ नये असा दंडक आहे, कारण पुढे ते यकृताला बाधते. आणि दोन नावांमुळे हा हिशेब कोणाच्याच ध्यानात येत नाही.

बाजारातल्या नावांचा घोळ याहून वाईट. २००६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यातले एक उदाहरण सांगतो. 'फ्लोमॅक्स' हे नाव अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासावरील औषधाचे, तर इटलीत तेच नाव एका सूज उतरवणाऱ्या औषधाचे. 'डिलाकोर' हे अमेरिकेत एक औषध आणि सर्बियात डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचे असे औषध की ज्याची मात्रा जरा इकडेतिकडे झाली तर जिवावर बेतते. गोळ्या संपल्यावर रिकामे खोके दाखवून 'हेच द्या' म्हणण्याची आपली सवय गावात चालते. परदेशी दुकानात हे खोके नाव सारखे असूनही भलतेच औषध हातात ठेवू शकते. मूळ नाव पाठ नसले तरी कागदावर हवे.

नावापेक्षा कायद्याचा प्रश्न मोठा, आणि इथे खरी जोखीम आहे. परदेशच्या कायद्याचा अंदाज बांधायला सुरुवात आपल्याच पट्टीपासून करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या १९४५ च्या औषधे नियमांप्रमाणे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांवर रोमन अक्षरांत 'आरएक्स' अशी खूण असते. २०१४ पासून काही अँटिबायोटिके, क्षयाची औषधे आणि इतर काही औषधे वेगळ्या परिशिष्टात घातली, त्यांच्यावर ही खूण लाल रंगात येते. आणि जी औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, त्यांच्यावर लाल 'एनआरएक्स' असते. पट्टीच्या कोपऱ्यात किंवा बाटलीच्या वेष्टनावर ही अक्षरे शोधावीत. ती सापडली तर ते औषध बॅगेत टाकण्यापूर्वी थांबावे. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही औषधे या गोटातली. ट्रॅमाडॉल हे कंबरदुखी, गुडघेदुखीवरचे औषध एप्रिल २०१८ पासून याच कायद्याखाली आले आहे. ते बहुधा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे घेणाऱ्याला ते आपण घेतो आहोत याचा पत्ताही नसतो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. कोडीन म्हणजे अफूच्या कुळातले.

ही खूण नसली म्हणजे सारे निर्वेध, असेही मात्र समजू नये. मधुमेहात पाय जळजळतात, त्यावर आपल्याकडे प्रीगॅबालिन देतात. 'नसांची गोळी' म्हणून ते परिचित आहे. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांत घातले, आणि संयुक्त अरब अमिरातींतही त्यावर नियंत्रण आहे. याहून नवलाचा प्रकार एटिझोलामचा. आपल्याकडे ताणतणावावर डॉक्टर ते चिठ्ठीवर लिहून देतात. अमेरिकेने त्याला औषध म्हणून कधी मान्यताच दिली नव्हती, आणि २०२३ साली तात्पुरत्या आदेशाने ते बंदीच्या पहिल्या वर्गात टाकले. त्या वर्गात हेरॉइन आहे. म्हणजे इथे शिक्क्यानिशी, बिलानिशी घेतलेली गोळी तिथे हेरॉइनच्या पंगतीला बसते. कायदा हा मुलखाला चिकटलेला असतो, गोळीला नव्हे.

एवढे असूनही कोणी आजारी माणसाने प्रवासच करू नये असा जगाचा हेतू नाही. अमली व मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयी १९६१ आणि १९७१ असे दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार झाले. त्यांपैकी १९७१ च्या कराराच्या चौथ्या कलमात प्रवाशाने स्वतःच्या उपयोगासाठी अल्प प्रमाणात अशी औषधे बाळगायला देशांनी मुभा द्यावी अशी सोय ठेवलेली आहे. मात्र 'अल्प' म्हणजे किती, आणि त्यासाठी कोणता कागद हवा, हे ज्या त्या देशाने ठरवायचे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ देशोदेशींचे हे नियम एकत्र करून आपल्या संकेतस्थळावर ठेवते. शिवाय त्या त्या देशाच्या वकिलातीकडे विचारता येते. दुबई, अबुधाबीकडे जाणाऱ्याने नियंत्रित औषधासाठी अमिरातींच्या सरकारची आगाऊ परवानगी संकेतस्थळावरून घ्यायची असते. मुलाकडे पंधरा दिवस जाऊन यायचे, त्यात एवढे कशाला, असा विचार लोक करतात. परवानगी मुक्कामाच्या लांबीवर नसून गोळीच्या जातीवर असते.

ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिन्यांपेक्षा कमी पुरवठ्याचे असेल तर वेगळा परवाना लागत नाही, डॉक्टरांचे पत्र मात्र हवे. ऑस्ट्रेलियातही मर्यादा तीन महिन्यांची. तिथे उतरताना भरायच्या कागदावर औषधांविषयी विचारतात, तेथे खरे ते लिहावे. जपान सर्वांत कडक. साधी चिठ्ठीवरची औषधेसुद्धा एक महिन्यापर्यंतची न्यायची, त्यापुढे आधी अर्ज करून दाखला आणायचा. आणि अॅम्फेटामिन असलेली औषधे तर चिठ्ठी असो वा नसो, पूर्ण बंद. २०१५ साली टोयोटा कंपनीच्या एका वरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईंना ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या ५७ गोळ्या टपालाने मागवल्यावरून तोक्योत अटक झाली. सुमारे तीन आठवड्यांनी आरोप न ठेवता त्यांना सोडले, पण नोकरी तोपर्यंत गेली होती.

त्याहून दुःखद गोष्ट २०१७ सालची. एक ब्रिटिश बाई इजिप्तला निघाली. तिथल्या तिच्या जोडीदाराची पाठ दुखत असे, म्हणून तिने ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या बरोबर घेतल्या. त्या तिच्या नव्हत्याच. ओळखीच्या माणसाने दिलेल्या. इजिप्तमध्ये हे औषध बंदीच्या यादीत आहे. विमानतळावर तिला पकडले, डिसेंबरात तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि सुमारे सव्वा वर्ष तुरुंगात काढून २०१९ च्या जानेवारीत ती सुटली. आपण गोळ्या लपवल्या नव्हत्या, हे तिने सांगितले. पण कायदा लपवण्याबद्दल नव्हता, बाळगण्याबद्दल होता.

आपल्या समाजात या गोष्टीचा एक फार ओळखीचा अवतार आहे. 'जाताच आहात तर एवढे पुडके न्या, आमच्या बंड्याच्या पाठीचे औषध आहे.' नाही म्हणणे आपल्याला जड जाते. शेजारधर्म असतो, शिवाय पुडके लहान असते. २०१९ साली मुंबईचे एक दाम्पत्य नात्यातल्याच बाईने दिलेले पुडके घेऊन दोह्याला उतरले. त्यात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, बाईला तुरुंगातच मूल झाले, आणि निर्दोष ठरून ती तिघे मायदेशी परतली ती २०२१ च्या एप्रिलात. हे औषध नव्हते हे खरे. पण पुडके उघडून पाहिल्याशिवाय ते औषध आहे की नाही हे नेणाऱ्याला कसे कळावे? दुसऱ्याचे औषध दुसऱ्याच्या चिठ्ठीसह असले तरी आपल्या बॅगेत नसावे. बंड्याची आई रागावेल, रागावू द्यावे.

बॅगेतल्या आणखी दोन-तीन गोष्टींचा उल्लेख येथेच करतो, कारण त्या औषधांच्या शेजारी ठेवल्या जातात. वैद्यांकडच्या पुड्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करड्या रंगाची पूड कस्टमच्या माणसाला कशी दिसत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आयुर्वेदिक औषधे न्यायची तर नावाच्या बंद बाटलीतली, आणि भस्मे व रसकल्प शक्यतो नकोतच. २००४ साली बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. तेव्हापासून तिकडच्या लोकांची नजर या औषधांवर अधिकच साशंक झाली. होमिओपॅथीच्या बिननावाच्या पांढऱ्या गोळ्यांचेही तेच. आणि दिवाळीत आखाताकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना : अनारशांवरची खसखस ही अफूच्याच झाडाची बी आहे, आणि अमिरातींत तिला मनाई आहे. अनारसे इथेच खाऊन जावेत.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला. येथे कायद्याची अडचण नाही, मापाची आहे, आणि दुकानातल्या अनुभवाने मला ती सगळ्यांत भीतिदायक वाटते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन सामान्यतः एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे मिळते आणि त्याच मापाची, लाल टोपणाची सिरिंज असते. अमेरिका, ब्रिटन आणि इतर पुष्कळ देशांत प्रमाण आहे ते मिलिलिटरला १०० युनिटचे, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा, आजोबांची इथली कुपी तिथे संपली किंवा फुटली. मुलाने तिथली कुपी आणली. सिरिंजा मात्र इथल्याच शिल्लक होत्या. आजोबा रोज वीस युनिट घेतात, म्हणून त्यांनी सवयीने विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढले. लाल टोपणाच्या सिरिंजेत विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. तिथल्या कुपीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट असतात. वीसऐवजी पन्नास! रक्तातली साखर इतकी उतरेल की माणूस बेशुद्ध पडेल, प्रसंगी दगावेल. उलट केले, म्हणजे इथले औषध तिथल्या सिरिंजेत विसाच्या रेघेपर्यंत भरले, तर आठच युनिट पोटात जातात आणि साखर चढत राहते. उपाय एवढाच की कुपी आणि सिरिंज यांची जोडी कधी फोडू नये. दोन्ही इथून पुरेशा न्याव्यात, आणि तिथले औषध घ्यायची वेळ आलीच तर सिरिंजाही तिथल्याच घ्याव्यात. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिज मात्र इथेही शंभराच्याच असतात; जमत असेल तर निघण्यापूर्वी महिनाभर डॉक्टरांच्या सल्ल्याने पेनवर यावे, म्हणजे हात बसतो.

मापाचा असाच घोळ साखर मोजायच्या यंत्राचा. आपल्याकडे आणि अमेरिकेत आकडा १४०, १८० असा येतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात तो निराळ्या एककात असतो. तिथला १० म्हणजे आपला १८०. तिथल्या आकड्याला अठराने गुणावे. जावयाच्या यंत्रावर 'साखर अवघी दहा' पाहून घाबरून साखरपाणी पिणे किंवा 'साखर किती कमी झाली' म्हणून आनंदाने गुलाबजाम खाणे, दोन्ही शक्य आहे.

इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नये. तिथे ते गोठू शकते, आणि गोठून वितळलेले इन्सुलिन निकामी होते, दिसायला तसेच दिसले तरी. बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नये. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे घरच्या बेताच्या तापमानात टिकते, त्यामुळे एक दिवसाच्या प्रवासाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. किंबहुना सगळीच औषधे हातातल्या पिशवीत असावीत. मोठी बॅग दुसऱ्याच शहरी गेल्याच्या कथा आपण ऐकतोच. २००६ सालच्या लंडनमधील कटानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रवपदार्थ नेऊ न देण्याचा नियम आला, परंतु गरजेच्या औषधांना त्यातून सूट आहे. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवण्याआधी सुया आणि बाटल्या स्वतःहून दाखवाव्यात, डॉक्टरांचे पत्र वरच्या कप्प्यात असावे.

वेळेचा प्रश्न बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत वाटतो तेवढा अवघड नसतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना हिवाळ्यात घड्याळ साडेदहा तास मागे जाते, म्हणजे तो दिवस लांबतो. विमानात मुंबईचेच घड्याळ धरावे आणि उतरल्यावर हळूहळू तिथल्या वेळेवर यावे; चुकली म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन आणि फिट्सच्या औषधांसाठी मात्र वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

राहिला सहा महिन्यांचा हिशेब. अमेरिकेत प्रवासी व्हिसावर गेलेल्याला सामान्यतः सहा महिने राहू देतात. पण तिथल्या प्रशासनाची सर्वसाधारण अपेक्षा अशी की औषधे ९० दिवसांपुरती असावीत. व्हिसा सहाचा, औषधे तीनची! तिथे डॉक्टरांची नवी चिठ्ठी घ्यायची तर खर्च भलताच, आणि प्रवासाचा विमा जुन्या आजारांना बहुधा विचारत नाही. शिवाय आपल्या कित्येक गोळ्या तिथे मिळतच नाहीत. आपल्याकडे पोटासाठी पॅन्टोप्राझोलबरोबर जोडून देतात ते डोम्पेरिडोन, किंवा दुखण्यावरचे निमेसुलाइड, यांना अमेरिकेत मान्यता नाही. दोन-तीन औषधे एका गोळीत कोंबण्याची आपल्या कंपन्यांची हौस तर जगजाहीर आहे. २०१६ साली सरकारने अशा ३४४ जोडगोळ्यांवर बंदी घातली, ते प्रकरण न्यायालयांत गाजले आणि २०१८ साली ३२८ वर पुन्हा बंदी आली. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे की यातली खरोखर गरजेची किती. आमच्या दुकानातला अनुभव असा, की बारा औषधांच्या यादीतून चार-पाच सहज गळतात. ती जुन्या कुठल्यातरी आजारपणात सुरू झालेली आणि कोणी थांबवायची राहून गेलेली असतात.

उरलेल्या तीन महिन्यांची औषधे मागाहून पाठवता येतात, आणि ही सोय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतःच सांगितलेली आहे. ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी पाहुण्याने पार्सलात औषधाबरोबर डॉक्टरांचे पत्र, इंग्रजी चिठ्ठीची प्रत, आणि पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती ठेवायच्या. नियंत्रित औषध मात्र पार्सलाने कधीही पाठवू नये. पार्सल कस्टममध्ये अडकून राहू शकते, तेव्हा ते तिसरा महिना उलटण्याची वाट न पाहता दुसऱ्याच महिन्यात निघाले पाहिजे. त्यासाठी या प्रती जाण्यापूर्वीच काढून गावात मागे राहणाऱ्या कोणाजवळ तरी ठेवाव्यात. आजी तिकडे आणि पासपोर्टही तिकडे, मग इकडे प्रत कशाची काढणार?